बॉक्समधला कागद

दहा स्ट्रिपांचा बॉक्स फोडला की त्यातून एक कागद निघतो. पापुद्र्यासारखा पातळ, घडीवर घडी घातलेला, अक्षरं मुंगीएवढी. गिऱ्हाइकाला पाहिजे असते एक स्ट्रिप, कधी नुसत्या चार गोळ्या. त्या कात्रीनं कापायच्या, पाकिटात घालून द्यायच्या. कागद बॉक्समध्येच राहतो आणि बॉक्स रिकामा झाला की रद्दीत जातो. बार्शीत माझं मेडिकलचं दुकान आहे. डी. फार्म. करून १९९८ साली सुरू केलं. तेव्हापासून असे किती कागद रद्दीवाल्याला दिले असतील, त्याचा हिशेब नाही. त्यातल्या एका कागदावर माझ्या स्वतःच्या संसाराबद्दल लिहिलेलं होतं, आणि सहा वर्षं तो माझ्याच दुकानातून रद्दीत जात होता.

२००३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, मला शौचावाटे रक्त पडायला लागलं. मूळव्याध समजून मी स्वतःच मलमं लावत सहा महिने काढले. शेवटी पुण्यात दुर्बिणीतून आतडं तपासलं आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, बरं वाटतं, पुन्हा उसळतं. डॉक्टरांनी सल्फासॅलाझिनच्या गोळ्या लिहून दिल्या, पाचशे मिलिग्रॅमच्या, सकाळी दोन, रात्री दोन, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. लघवी नारिंगी पिवळी व्हायची, पण आजार ताब्यात आला. वजन भरलं. त्या गोळीनं मला उभं केलं, हे मी आजही मानतो.

या गोळीचा इतिहास मला खूप उशिरा कळला. स्टॉकहोमच्या नान्ना स्वार्त्झ या डॉक्टर बाईंच्या कामातून १९४० च्या सुमाराला ती आली, तीही मुळात संधिवातासाठी. दोन औषधं एका रासायनिक कडीनं जोडलेली आहेत. पोटातून ती तशीच पुढं जातात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ती कडी तोडतात. मग एक अर्धं तिथंच थांबून आतड्याच्या जखमा शमवतं. दुसरं अर्धं, सल्फापायरिडिन, रक्तात जातं, आणि शुक्राणूंना बाधतं ते हे दुसरं अर्धं.

लग्न २००६ मध्ये झालं. पोटाचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, हे बैठकीतच सांगितलं होतं. लपवलेलं काही नव्हतं. दोन वर्षं झाली तशी घरात कुजबुज सुरू झाली आणि आम्ही डॉक्टर गाठले. तिथून पुढं जे झालं ते सगळं हिच्याच अंगावर झालं. रक्त तपासलं तिचं, थायरॉइड तपासलं तिचं. पाळीच्या दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी सोनोग्राफी करून स्त्रीबीज वाढतंय का ते बघितलं. ट्यूब टेस्टच्या, म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायच्या दिवशी ती टेबलावरून उतरली तेव्हा ओठ चावून तिनं रक्त काढलं होतं. स्त्रीबीज वाढावं म्हणून क्लोमिफेनच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, आणि त्या मीच दुकानातून रात्री घरी नेत होतो. २००९ च्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून तपासायचं म्हणून तिला भूल दिली आणि बेंबीजवळ छेद घेतला. आत सगळं ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, दोष काही दिसत नाही. हे ऐकून तरी मी विचारायला हवं होतं, मग माझं बघता का? मी विचारलं नाही. त्यांनीही सुचवलं नाही.

मार्गशीर्षातले गुरुवार तिनं धरले. एकादशीला भगवंताच्या देवळात गर्दीत उभी राहायची. नात्यातल्या एका डोहाळजेवणाला आम्ही गेलो, तर ओटी भरायला बायकांची नावं घेताना आत्यानं हिचं नाव सहज ओलांडलं. बाहेर मांडवात बसून मला ते ऐकू आलं. उठून आत गेलो नाही.

माझ्यात दोष नाही, हे मी कशाच्या जोरावर धरून बसलो होतो? सगळं व्यवस्थित चालतंय, एवढ्याच जोरावर. आपल्याकडं हीच चूक होते. इच्छा असणं, ताठरता येणं, वीर्य येणं हे एक, आणि त्या वीर्यात शुक्राणू किती आणि कसे, हे अगदी वेगळं. ते डोळ्यांना दिसत नाही. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या अडचणीबरोबर. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण गावातल्या लॅबचा माणूस रोज माझ्याकडं चहाला यायचा. त्याच्या हातात मी डबी कशी देणार, ही लाज त्या ज्ञानापेक्षा मोठी निघाली. माझ्या लाजेची किंमत तिनं भूल घेऊन चुकवली.

शेवटी कुणीतरी सोलापूरच्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. हिच्या फायलीचा गठ्ठा त्यांनी टेबलावर तसाच ठेवला आणि माझ्याकडं वळल्या. "तुम्ही रोज काही गोळ्या घेता?" मी नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?" सहा. त्यांनी मला नमुना द्यायला पाठवलं. दोन ते सात दिवसांचं अंतर हवं असतं, ते होतं. एक अरुंद बाथरूम, कडी नीट न लागणारं दार, हातात प्लास्टिकची डबी. पुरुषाच्या वाट्याला येतं ते एवढंच, आणि त्यासाठी मी तीन वर्षं लावली होती.

रिपोर्टमध्ये एका मिलिलिटरला ६० लाख शुक्राणू होते. त्या वेळच्या कागदावर २ कोटींच्या वर हवेत असं छापलेलं असायचं. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख धरली आहे. माझे त्यातही बसत नव्हते, आणि होते त्यातले बरेचसे जागच्या जागी वळवळत होते.

रात्री दुकान बंद करायच्या वेळी मी सल्फासॅलाझिनचा नवा बॉक्स फोडला आणि तो कागद काउंटरवर पसरला. प्रतिकूल परिणामांच्या यादीत होतं ते. शुक्राणूंची संख्या घटणं, पुरुषांमधलं वंध्यत्व, औषध थांबवल्यावर सहसा दोन-तीन महिन्यांत पूर्ववत. पुढं शोधाशोध केली तेव्हा कळलं की वैद्यकीय नियतकालिकांत हे १९७९ सालीच छापून आलं होतं. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो.

कागद घरी नेला आणि तिच्यापुढं ठेवला. कुठं काय लिहिलंय ते बोटानं दाखवत समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"अहो, हा कागद आपल्या दुकानात होता?"

"होता."

ती काही बोलली नाही. कागदाची घडीवर घडी घालून तिनं तो पहिल्यासारखा केला. असले कागद एकदा उघडले की पुन्हा तसे मिटत नाहीत. तिनं मिटला.

गोळी मी दुसऱ्या दिवशी बंद केली नाही, हे मुद्दाम सांगतो. वाचणाऱ्या कुणाच्या हातात अशीच स्ट्रिप असेल तर त्यानंही मनानं बंद करू नये. आजार उसळला तर ताप, अशक्तपणा, रक्त जाणं यांचाही शुक्राणूंवर परिणाम होतोच, आणि जीव धोक्यात येतो तो वेगळाच. पुण्याच्या पोटाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सल्फासॅलाझिनऐवजी मेसालामिन दिलं, म्हणजे त्या जोडगोळीतलं आतड्याला लागू पडणारं तेवढं अर्धं. महाग होतं, पण होतं. इतकी वर्षं ते माझ्याच दुकानात, पलीकडच्या कप्प्यात होतं.

मग वाट बघायची. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि तयार झाल्यावर बाहेरच्या वाटेला लागायला आणखी काही दिवस. धरून चाला तीन महिने. आमच्याकडं शाळू करणाऱ्याला हे चटकन कळतं. कणसात दाणा भरला नाही, तर पाणी आज नाही, मागं कधीतरी तुटलेलं असतं. आजचा रिपोर्ट आजच्या माणसाचा नसतो, तीन महिन्यांमागच्या माणसाचा असतो. मार्चमधला माझा रिपोर्ट सव्वातीन कोटींचा आला. २०११ च्या जूनमध्ये आम्हाला मुलगी झाली.

आत्यानं बारशाला सोन्याचं पान आणलं. सगळे म्हणाले, देवानं ऐकलं. हिनं कुणाला काही सांगितलं नाही, अजून नाही. हे लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "लिहा. नावं घालू नका." तिच्या बेंबीजवळचा तो अर्ध्या इंचाचा व्रण अजून आहे. तो माझ्या गोळीचा व्रण आहे, मी असंच समजतो.

तेव्हापासून मी कागद फेकत नाही. नव्या औषधाचा बॉक्स फोडला की कागद वाचतो आणि फाइलमध्ये लावतो. वाचता वाचता काउंटरवरची माणसं मला वेगळी दिसायला लागली.

एका ओळखीच्या घरातल्या मुलाला सप्टेंबरात डेंगी झाला, एकशे चारपर्यंत ताप. नोव्हेंबरात, लग्नाला वर्ष झालं म्हणून, तपासणी केली तर शुक्राणू फारच कमी. घरात रडारड. आता, वृषण शरीराच्या बाहेर पिशवीत असतात ते उगाच नाही. शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस थंड राहिलं तरच तिथलं काम नीट चालतं. आठवडाभराचा मोठा ताप, मग तो डेंगीचा असो, टायफॉइडचा, मलेरियाचा की कोविडचा, त्या वेळी तयार होत असलेलं पीक करपवून जातो. बी मरत नाही. मी म्हटलं, फेब्रुवारीत पुन्हा तपासा. तोपर्यंत त्यांनी कुठल्याशा वैद्याचं ताकदीचं महागडं चूर्ण सुरू केलं. फेब्रुवारीत रिपोर्ट चांगला आला आणि सगळं श्रेय चूर्णाला गेलं. तीन महिन्यांत शरीर आपसूक सावरतं आणि त्या तीन महिन्यांत जो कुणी जे काही विकतो त्याचं नाव होतं. या एका गोष्टीवर किती दुकानं चालत असतील, याचा मला राग येतो.

गालगुंडाचं वेगळं. लहानपणी होऊन गेले तर या बाबतीत सहसा चिंता नसते. वयात आल्यावर झाले तर चौघापाचांतल्या एकाला वृषणाला सूज येते, बहुतेकदा एकाच बाजूला. दोन्हीकडं येऊन पूर्ण वंध्यत्व आलं, असं क्वचित होतं, पण वृषण आकसू शकतो. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते. ती खासगीत घ्यावी लागते, आणि बऱ्याच आईबापांना हा फरक माहीत नसतो. क्षयरोग फक्त फुप्फुसाचा नसतो, तो शुक्राणूंच्या नळ्यांनाही होतो आणि बरा होताना वाट बुजवून जातो. शुक्राणू तयार होतात, बाहेर येत नाहीत. मधुमेह जुना झाला की नसा निकामी होऊन वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ लागतं.

औषधांत सगळ्यात जास्त गफलत होते मुतखड्याच्या गोळीत. आमच्या भागात उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट रोजचे. खडा खाली सरकावा म्हणून टॅमसुलोसिन देतात. या गोळीनं काहींचं वीर्य कमी येतं, काहींचं येतच नाही. गोळी थांबली की पुन्हा पहिल्यासारखं होतं. पण हे आधी कुणी सांगितलं नाही तर पंचविशीतला मुलगा काय समजेल? एकजण महिनाभर बायकोला टाळत होता. मला त्यानं सांगितलं ते शटर अर्धं ओढल्यावर. केसांसाठी घेतात त्या फिनास्टेराइडनं काहींच्यात वीर्य आणि शुक्राणू दोन्ही घटतात. ज्याचं मुळात काठावर आहे त्याला ते नडतं. इथंही गोळी थांबवल्यावर काही महिन्यांत सुधारणा होते. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी वीर्यपतन लांबतं. पण त्या गोळ्या कुणीही अचानक सोडायच्या नाहीत. डॉक्टरांशी बोलून पर्याय निघतो.

जिममधल्या पोरांचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. दंड भरावेत म्हणून टेस्टोस्टेरॉनची, नँड्रोलोनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं मागायला येतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. ती दुसरीकडून आणतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो वृषणांना द्यायचा हुकूमच थांबवतो. आतलं काम बंद पडतं, वृषण लहान होतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनच ते तपासलं होतं, १९९० साली त्याचे निष्कर्ष आले, आणि निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू नाहीसे झाले होते. इंजेक्शन थांबवल्यावर परत येतात, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे मूल होत नाही म्हणून 'ताकदीसाठी' हेच इंजेक्शन घेतलेले नवरेही मी पाहिलेत.

अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल मला जपून बोलायचंय. २०१८ मध्ये एक अभ्यास आला. ३१ तरुणांपैकी काहींना सहा आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिलं, तर त्यांच्या वृषणांवर ताण पडतोय आणि मेंदू जास्त जोर लावून तो भरून काढतोय असं दिसलं. अभ्यास लहान आहे आणि त्यात कुणाला मूल झालं नाही असं काही सिद्ध झालेलं नाही. ताप आला, दाढ दुखली, दोन गोळ्या घेतल्या, तर घाबरू नका. पण मार्केट यार्डातले हमाल महिनोन्‌महिने रोज दोन गोळ्या घेऊन पोती उचलतात, त्यांना मी हे सांगतो. ते ऐकून घेतात आणि स्ट्रिप घेऊन जातात. पोती त्यांनाच उचलायची असतात.

बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली इथं सुरू झाली, त्यामुळं या आजाराची माणसं आमच्या गावाला नवी नाहीत. एकदा बावीस वर्षांच्या एका मुलाचे वडील चिठ्ठी घेऊन आले. मुलाला लसीकाग्रंथींचा कॅन्सर होता, केमो सुरू व्हायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, केमोनं शुक्राणू कायमचे जाऊ शकतात, आधी पुण्याला जाऊन वीर्य गोठवून ठेवा. वडील म्हणाले, "जीव वाचू द्या आधी. लेकरांचं कुणी बघितलंय." त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, काका, हे दोन दिवसांचं काम आहे, डॉक्टरांना विचारून घ्या, उपचार त्यानं अडायचे नाहीत. आणि डॉक्टर मुलाच्या मुलांचा विचार करतायत याचा अर्थ तो जगणार आहे असं त्यांना वाटतंय. माणूस इतका वेळ धीरानं उभा होता, हे ऐकल्यावर रडला. रात्रीच्या एसटीनं ते पुण्याला गेले. मुलगा आज बरा आहे. पुढं काय झालं ते विचारणं माझं काम नाही.

विचारणं अवघडच आहे. सल्फासॅलाझिन आता कंबरेच्या आणि मणक्याच्या संधिवातासाठी तरुण मुलांना देतात. तशी दोन मुलं माझ्याकडं येतात. काउंटरवर चार माणसं उभी असताना, "काय रे, मुलंबाळं?" असं कसं विचारायचं? मी त्यांना फ्रिजजवळ बोलावतो, गोळी कशी घ्यायची ते सांगायचंय म्हणून. मग कागद दाखवतो. कुणी तरी तो आपल्यापुढं उघडावा, एवढंच मला तेव्हा हवं होतं.

गेली काही वर्षं दुपारी दुकानात ही बसते. फाइल तिनंच नीट लावली आहे, अ आ इ ई प्रमाणे, कामाच्या ओळींखाली लाल रेघा मारून. मागच्या महिन्यात वैरागकडच्या एक मावशी सुनेची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर लेट्रोझोल होतं, तेही स्त्रीबीज वाढावं म्हणून देतात. मी काढायला वळलो.

"मावशी, किती वर्षं झाली लग्नाला?" हिनं विचारलं.

"तीन संपत आली की."

"मुलगा कसल्या गोळ्या घेतो?"

"त्याला गं कसली धाड भरलीया? चांगला धडधाकट हाय."

हिनं सुनेच्या गोळ्या पाकिटात घातल्या, पैसे घेतले, सुटे दिले. मग म्हणाली, "उद्या येताना त्याच्या उशाला, खिशात, गाडीच्या डिकीत काय पाकिटं असतील ती घेऊन या. त्याला रागवू नका. नुसती आणा."

त्या आल्या, दुसऱ्या दिवशी दुपारीच. पदराखालची प्लास्टिकची पिशवी त्यांनी काउंटरवर उपडी केली. अंगदुखीच्या दोन अर्ध्या स्ट्रिपा, केसांच्या गोळीचं एक रिकामं पाकीट आणि दोन भरलेली, ॲसिडिटीच्या गोळ्या, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लेबल खरवडलेली एक इंजेक्शनची बाटली. हिनं चष्मा लावला आणि फाइल पुढं ओढली.